पाटी बदलली, म्हणून ऋण फिटते काय?

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झाले. देशभरातील ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, भद्रावती येथील प्रवेशद्वारांवर नव्या पाट्या लागल्या. जुन्या मंडळाचा विलंब आणि उत्पादनखर्च यांविषयी सैन्यदलांच्या तक्रारी होत्या, हे कोणी नाकारणार नाही. सुधारणा हवीच होती. प्रश्न वेगळाच आहे. जुन्या संस्थेने दिलेला शब्द नव्या संस्थेत कोणाच्या खात्यावर लिहिला जातो?

सुमारे ७० हजार कर्मचाऱ्यांना ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर कंपन्यांत पाठविण्यात आले. त्यांच्या केंद्रीय सेवाशर्ती कायम राहतील, निवृत्तिवेतनाचा भार सरकार वाहील, असे आश्वासन मिळाले. मात्र ते आश्वासन शासकीय आदेशाचे. प्रतिनियुक्तीची मुदत प्रथम दोन वर्षांची. पुढे ती वाढवावी लागली. याउलट याच काळात संप रोखण्यासाठी संसदेने खास कायदा केला! कामगाराच्या कर्तव्याला कायद्याचे बळ आणि त्याच्या हक्काला केवळ आदेशाचा आधार, हा कोणता न्याय? कामगारांच्या तिन्ही महासंघांनी एकत्र येऊन २०२० मध्येच संपाची नोटीस दिली होती. त्यांत राष्ट्रवादी विचारांचा भारतीय प्रतिरक्षा मजदूर संघही होता. त्याला देशविरोधी म्हणण्याचे धाडस कोण करील?

असे घडणे अपरिहार्य नव्हते. २००० साली दूरसंचार विभागातून भारत संचार निगम निर्माण झाले, तेव्हा निवृत्तिवेतनाची हमी थेट सेवानियमांत घालण्यात आली. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले. त्यापूर्वीच २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १३३ ने बजावून ठेवले होते की, हस्तांतरित कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी हिताच्या असता कामा नयेत. मार्ग ठाऊक होता, तो अनुसरला गेला नाही.

पूर्वी गादीवर नवा राजा आला की प्रजेला आपल्या सनदा पुन्हा करून घ्याव्या लागत. प्रजासत्ताकाने ही रीत मोडली. राज्यघटनेच्या २९४ व २९५ या अनुच्छेदांनी पूर्वीच्या राजवटींचे आणि संस्थानांचे हक्कच नव्हे, तर दायित्वेही नव्या शासनाकडे सोपविली. परक्या सत्तेची देणी ज्या राष्ट्राने मान्य केली, त्याने स्वतःच्याच मंडळाची देणी अधांतरी ठेवावीत?

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यातील स्फोटात आठ कामगार मृत्युमुखी पडले. अशा घरातील विधवेने कोणाचे दार ठोठवावे, मंत्रालयाचे की कंपनीचे, हा संभ्रम क्षणभरही उरता कामा नये. म्हणून यापुढे कोणतेही मंडळ मोडताना त्याच्या प्रत्येक दायित्वाचा वारस कायद्यातच नावानिशी नोंदला गेला पाहिजे. संस्था विसर्जित होऊ शकते. शासनाचा शब्द विसर्जित होऊ शकत नाही.