रस्ता भिजला, धूळ तशीच राहिली

खडी-केंद्राची तपासणी ठरली म्हणजे पाण्याचा टँकर आवारात फिरविला जातो, रस्ता ओला होतो आणि धुळीचा बंदोबस्त झाल्याचा शेरा कागदावर उमटतो. या समाधानात आम्ही सहभागी होऊ शकत नाही.

डोळ्यांस दिसते ती धूळ बहुधा नाकातोंडातच अडते. प्राण घेते ती न दिसणारी. पाच मायक्रॉनांच्या आतला, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. तो गारगोटीच्या जातीचा असला की सिलिकोसिस जडतो, आणि या रोगावर आजही उतारा नाही. आपल्याकडील काळ्या दगडात हा अंश थोडा. गोकाकच्या बाजूच्या वालुकाश्मात मात्र भरपूर.

गोध्र्याकडील गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांतून अलीराजपूर-झाबुआचे आदिवासी मजूर हाच रोग घेऊन घरी परतले. त्यांतील २३८ मृतांच्या कुटुंबीयांस प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली गुजरात सरकारास दिला. सात कोटींवर गेलेल्या या रकमेत किती फवारे बसले असते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा!

परंतु फवारा म्हणजे नुसते पाणी नव्हे. मोठ्या थेंबाला हवा वळसा घालते आणि हलका कण तिच्याबरोबर निसटून जातो. थेंब कणाच्या जवळपास आकाराचा असेल तरच टक्कर होते. कण भिजतो, जड होतो, खाली बसतो. थेंब फारच बारीक केला तर तो वाटेतच आटतो. म्हणून दगड फुटण्यापूर्वीच भिजवावा, आणि जबड्याशी, चाळणीवर, पट्ट्यावरून खडी पडते तेथे जागा पत्र्याने बंदिस्त करून आत तुषार सोडावेत. उघड्यावर सोडलेला झोत उलट धूळच मजुराच्या तोंडावर ढकलतो. पर्यावरण संरक्षण नियमांतही धूळ कोंडून दाबण्याची व्यवस्था स्वतंत्रपणे सांगितली आहे. जमीन भिजविणे ही त्याखेरीजची बाब.

पाणी आणावे कोठून, असे मालक विचारतील. उन्हाळ्यात तो प्रश्न खरा आहे; परंतु नेमक्या जागी सोडलेल्या बारीक तुषारास टँकरइतके पाणी लागत नाही. लागते ती गाळणी, कारण गढूळ पाण्याने फवाऱ्याचे तोंड तुंबते, आणि तुंबलेला फवारा कागदावर चालूच असतो. अधिकाऱ्यांनी पुढच्या खेपेस वर्दी न देता, यंत्र चालू असताना यावे आणि चाळणीवरचे फवारे उघडून दाखवावयास सांगावे.