कोळसा, सूर्य आणि सह्याद्री

देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता सूर्य, वारा, पाणी, अणू आदी बिगर-जीवाश्म स्रोतांची व्हावी, हे भारताने २०३० साठी स्वीकारलेले लक्ष्य जून २०२५ मध्ये, म्हणजे पाच वर्षे आधीच गाठले गेले. कोणाही भारतीयाची मान उंचावी अशी ही घटना. गंमत अशी की, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये देशाच्या कोळसा उत्पादनाने एका आर्थिक वर्षात प्रथमच शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला. त्यावरून सरकार एका हाताने सूर्याला अर्घ्य देते आणि दुसऱ्या हाताने कोळसा उकरते, अशी टीका झाली. टीकाकारांनी एकदा बिरवाडीला येऊन जावे.

महाड तालुक्यातील या गावाला लागूनच औद्योगिक वसाहत आहे. येथील रसायनांचे कारखाने अहोरात्र चालतात. एखाद्या भट्टीत रासायनिक प्रक्रिया अर्ध्यावर असताना वीज गेली, तर तो सारा माल वाया जातो. प्रसंगी अपघात ओढवतो. आणि कोकणातला पावसाळा म्हणजे चार महिने ढगांचे छप्पर. सौर तावदाने कितीही बसवा, आषाढात ती पुरेशी वीज देणार नाहीत आणि रात्रपाळीला तर मुळीच नाही. स्थापित क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळी, हा हिशेब येथल्या कामगारालाही कळतो. क्षमतेत अर्धा वाटा असला, तरी देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेचा सर्वांत मोठा हिस्सा आजही कोळशाचाच आहे. दि. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची कमाल मागणी २५० गिगावॅटवर गेली, तेव्हा हाच कोळसा कामी आला.

ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून आपली साम्राज्ये उभी केली, त्यांनी भारताला संयमाचे धडे द्यावेत, हा उद्दामपणा आहे. भारतीयाचा दरडोई वीजवापर जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत कोळसा 'बंद' करण्याऐवजी त्याचा वापर 'टप्प्याटप्प्याने कमी' करण्याची भाषा भारताने धरून लावली, ती योग्यच होती.

परंतु पाश्चात्त्यांचा दुटप्पीपणा दाखवून दिला, म्हणजे आपली राख नाहीशी होत नाही. चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र महाराष्ट्राला वीज देते. धूर आणि राख मात्र चंद्रपूरकरांच्या वाट्याला येते. निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे, हे आपण बौद्धिकांतून सांगत आलो आहोत. ते चंद्रपूरलाही लागू आहे. शिवाय दुपारी सौरवीज भरपूर असली की कोळशाचे संच मंद करावे लागतात आणि दिवेलागणीला पुन्हा वेगाने चढवावे लागतात. त्यांची रचना अशा चढउतारासाठी झालेली नाही. यंत्रे झिजतात, खर्च वाढतो. तेव्हा खरा प्रश्न दुपारची वीज रात्रीपर्यंत राखून ठेवण्याचा आहे.

त्याचे उत्तर सह्याद्रीत आहे. दुपारच्या स्वस्त विजेने खालच्या जलाशयातील पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी तेच खाली सोडून वीज घ्यायची, हे उदंचन जलविद्युतेचे साधे तंत्र. यात खर्च होते त्यापेक्षा थोडी कमी वीज परत मिळते, पण हवी तेव्हा मिळते. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे. खुद्द रायगड जिल्ह्यात भिरा येथे १९९० च्या दशकापासून १५० मेगावॅटचा संच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात कर्जतजवळील भिवपुरी येथे १००० आणि पुणे जिल्ह्यातील शिरवटा येथे १८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा सामंजस्य करार झाला. घाटमाथा आणि कोकण यांच्यातला उभा कडा हे महाराष्ट्राला मिळालेले वरदान आहे. त्यासाठी परदेशातून काही आणावे लागत नाही. सौर तावदानांबाबत मात्र आपण अजून चीनवर बरेच अवलंबून आहोत, आणि स्वदेशीच्या पुरस्कर्त्यांना हे सलले पाहिजे.

भिऱ्याचे नाव निघाले की मुळशी आठवावीच लागते. १९२७ साली सुरू झालेल्या भिऱ्याच्या वीजगृहाला पाणी मिळते ते मुळशीच्या धरणाचे. या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या पिढीजात जमिनी बुडू लागल्या, तेव्हा १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी सत्याग्रह उभारला. वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, भातखाचरे मावळ्यांची गेली. बापट विजेचे शत्रू नव्हते. ज्यांची जमीन जाते त्यांना कोणी विचारलेच नाही, हा त्यांचा संताप होता.

सह्याद्रीत आता नवे प्रकल्प येत असताना तोच प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे. भिवपुरीसारख्या प्रत्येक प्रकल्पाच्या करारात मेगावॅट आणि कोटी रुपयांबरोबर जाणारी शेते आणि वने, पुनर्वसनाची मुदत आणि आसपासच्या वाड्यांना मिळणारी वीज यांचे आकडेही छापले जावेत. ते मराठीत असावेत आणि काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेपुढे वाचले जावेत. रायगड आणि पुणे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी त्या ग्रामसभांना उपस्थित राहावे, आणि सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून प्रश्न विचारण्यात संकोच करू नये.