छाटणीची समता

समता हा शब्द उच्चारतांच ऐकणाऱ्याचें मन प्रसन्न व्हावें, इतकें त्या शब्दाचें पुण्य मोठें आहे. आणि ज्या समाजानें शतकानुशतकें माणसामाणसांत पायऱ्या पाडल्या, त्या समाजांत जन्मलेल्या आम्हीं तर तो विशेष आदरानेंच उच्चारला पाहिजे. असें असतां पाश्चात्य लेखकांपैकीं कांहीं चांगल्या विचारी लेखकांनीं याच शब्दाभोंवतीं भयकथा कां रचाव्या, या प्रश्नाकडे विद्यार्थी वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें. या कथांत भविष्यकाळांतील एखादें राज्य कल्पिलेलें असतें, आणि त्या राज्यानें सर्व माणसें कायद्यानें व बळानें तंतोतंत सारखीं करून टाकलेलीं असतात.

या जातीच्या कथा वाटतात तितक्या नव्या नव्हेत. जेरोम के. जेरोम या विनोदी इंग्रज लेखकाचें नांव 'थ्री मेन इन ए बोट' या पुस्तकामुळें पुष्कळांस ठाऊक असेल. त्यानें १८९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द न्यू युटोपिया' या छोट्या लेखांतील नायक झोपी जातो तो एकदम २९ व्या शतकांत जागा होतो. तेथें सर्वांचे केस काळे, सर्वांस नांवांऐवजीं आंकडे, आणि कोणी प्रमाणाबाहेर धडधाकट निघालाच तर त्याचा एखादा हात किंवा पाय कापून त्यास इतरांच्या पंक्तीस बसविण्याची सोय सरकारनें केलेली! जेरोमला हंसवावयाचें होतें, व तो हंसवितोही. पण तीसच वर्षांनीं, क्रांति प्रत्यक्ष पाहिलेल्या रशियांत, येवगेनी झाम्यातिन यानें तीच कल्पना हातीं घेतली तेव्हां हंसणें बरेंच ओसरलें होतें. त्याची कादंबरी १९२४ सालीं न्यूयॉर्क येथें इंग्रजींत छापली गेली. लेखकाच्या स्वदेशीं ती प्रसिद्ध होण्यास १९८८ साल उजाडावें लागलें. तींतील माणसें कांचेच्या घरांत राहतात, ठरल्या क्षणीं सर्वजण एकदम घांस तोंडीं नेतात, आणि शेवटीं डोक्यांतील कल्पनाशक्ति शस्त्रक्रियेनें काढून टाकली जाते. कादंबरीचें नांव 'आम्ही' असें आहे. पानोपानीं 'आम्ही' 'आम्ही' म्हणून लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांस तें नांव वाचून किंचित् चपापल्यासारखें होतें, हें सांगून टाकलेलें बरें.

या कादंबरीचा निवेदक एके ठिकाणीं नोंदवितो, कीं सर्व कांहीं सारखें झालें तरी माणसांचीं नाकें अजून निरनिराळीं आहेत, त्यामुळें हेव्यास थोडी जागा उरलीच आहे. ही उरलेली जागा बुजविण्याचें काम एल्. पी. हार्टली यानें १९६० सालच्या 'फेशियल जस्टिस' या कादंबरींतील सरकारावर सोंपविलें. तेथें सुंदर मुखाच्या स्त्रियांनीं शस्त्रक्रिया करवून मध्यम प्रतीचा चेहरा घ्यावा अशी अपेक्षा असते. कारण एकीचें सौंदर्य म्हणजे दुसरीवर अन्याय! नायिकेचें मन त्यास तयार होत नाहीं, तेव्हां एका अपघातानंतर तिच्या संमतीवांचूनच तिचा चेहरा बदलला जातो.

परंतु आम्हांस सर्वांत अधिक विचारार्ह वाटते ती कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची 'हॅरिसन बर्जेरॉन' ही १९६१ सालची लघुकथा. एका बैठकींत वाचून होईल एवढीच ती आहे. साल २०८१. राज्यघटनेंत दुरुस्त्यांवर दुरुस्त्या होऊन कोणीही कोणाहून हुषार, देखणा, बलवान वा चपळ असतां कामा नये असें ठरलें आहे. जॉर्ज बर्जेरॉन बुद्धिमान, म्हणून त्याच्या कानांत सरकारनें एक लहानसें रेडिओयंत्र बसविलें आहे; दर २० सेकंदांच्या सुमारास तें असा कर्कश आवाज करतें कीं चाललेला विचार जागच्या जागीं तुटावा. गळ्यांत ४७ पौंड छऱ्यांची कुलूपबंद पिशवी. नर्तकींच्या अंगावर वजनें आणि तोंडावर मुखवटे, कारण मोकळी हालचाल व सुंदर मुख पाहून कोणास वाईट वाटेल! जॉर्जचा १४ वर्षांचा मुलगा हॅरिसन तुरुंगांतून निसटून टेलिव्हिजनच्या रंगमंचावर येतो, अंगावरचीं वजनें फाडून टाकतो, एका नर्तकीसह आढ्यास भिडेपर्यंत नाचतो. आणि सर्वांवर भार लादणाऱ्या खात्याची मुख्य अधिकारिणी येऊन दुनळी बंदुकीच्या दोन बारांत दोघांसही ठार करते.

पुष्कळ वाचक येथेंच थांबतात व हॅरिसनास हुतात्मा ठरवितात. आम्हांस तें पटत नाहीं. रंगमंचावर पाऊल टाकतांच हा मुलगा घोषणा करतो ती अशी, कीं मी सम्राट आहें व सर्वांनीं माझी आज्ञा तत्काळ पाळावी. एका जुलमावर दुसऱ्या जुलमाचा उतारा लेखकास सांगावयाचा नाहीं. खरें मर्म आहे तें जॉर्जची पत्नी हेझल हिच्यांत. तिची बुद्धि अगदीं बेताची, म्हणून तिच्यावर कसलाच भार नाहीं. आणि ही हेझल त्या मुख्य अधिकारिणीसारखीच होती, असें लेखक जातां जातां सांगून जातो. म्हणजे माप करणारीनें माप आपल्याच उंचीचें केलें! ज्या राज्यांत कोणाचेंही कौशल्य शाबूत ठेवलेलें नाहीं, तेथें हिचा नेम मात्र चुकत नाहीं. सक्तीच्या समतेंत एक जागा नेहमींच असमान राहते. ती कात्री धरणाऱ्याची. ऑर्वेलनें १९४५ सालीं 'अ‍ॅनिमल फार्म'मध्यें डुकरांच्या रूपानें हीच जागा दाखविली.

कथेचा शेवट तर त्याहून विदारक. आपला मुलगा मारला गेलेला हेझल टेलिव्हिजनवर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहते. गालांवर अश्रू आहेत, पण ते कशाचे हें तिला आठवत नाहीं. जॉर्ज तेवढ्यांत स्वयंपाकघरांत गेलेला असतो. परत येऊन तो तिला दुःखाच्या गोष्टी विसरून जाण्यास सांगतो. ज्यास आठवलें असतें त्याच्या कानांत यंत्र आहे, आणि जिच्या कानांत यंत्र नाहीं तिला आठवत नाहीं. मेलेल्या मुलाचें स्मरण करणारें त्या घरांत कोणीच उरत नाहीं.

हें सर्व कल्पित आहे म्हणून कोणी निर्धास्त राहूं नये. कंबोडियांत १९७५ ते १९७९ या काळांत पोल पॉटच्या राजवटीनें शहरें रिकामीं केलीं, चलन बंद केलें, सर्वांस काळे कपडे घालावयास लावून शेतांवर राबविलें, आणि शिकलेल्या माणसांस शत्रु मानून मारलें. सुमारें १५ ते २० लाख माणसें त्यांत नाहींशीं झालीं.

तथापि इतकी प्रखर कथा भलत्या कामीं वापरली गेली नसती तरच नवल. अमेरिकेंतील केसी मार्टिन या गोल्फपटूस उजव्या पायांतील रक्ताभिसरणाच्या जन्मजात विकारामुळें मैदानभर चालणें असह्य होई. म्हणून स्पर्धेंत छोट्या गाडींतून जाण्याची मुभा त्यानें मागितली. २००१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ७ विरुद्ध २ मतांनीं ती दिली. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ति स्कॅलिया यांनीं आपल्या मतपत्रिकेच्या अखेरीस याच कथेचा आधार घेतला. पुढें २००५ सालीं कॅन्सस राज्यांत शाळांच्या पैशासंबंधीं दावा चालला असतां सधन भागांतील पक्षाच्या वकिलांनींही तिचाच दाखला दिला. व्हॉनेगट तेव्हां हयात होता. त्यानें वृत्तपत्राशीं बोलतांना स्पष्ट सांगितलें, कीं आपली कथा बुद्धि व गुण यांविषयीं आहे, आणि पैसा हें त्यांपैकीं कशाचेंच प्रमाण नव्हे.

या वादांत आम्ही निःसंशय लेखकाच्या बाजूचे आहों. लंगड्यास गाडी दिल्यानें धावणाऱ्याच्या गळ्यांत छऱ्यांची पिशवी पडत नाहीं. १९५० सालीं अमलांत आलेल्या आमच्या राज्यघटनेच्या उद्देशपत्रिकेंतही समानता आहे ती दर्जाची व संधीची. उंची, आवाज, बुद्धि यांचा तेथें उल्लेख नाहीं. शिवाय छाटणीचें हत्यार समतेच्याच नांवानें चालतें असें कोठें आहे? एकलव्याचा आंगठा कोणी समतेसाठीं मागितला नव्हता. अर्जुनाहून श्रेष्ठ धनुर्धर जगांत उरूं नये, म्हणून मागितला होता. पाश्चात्य कथाकारांनीं भविष्यांत पाहिलेली कात्री आमच्या महाभारतांत अगदीं उलट कामास लागलेली आहे, व ती चालविणारा गुरूच आहे. तेव्हां या कथा पुढें करून 'पाहा, समतेचा शेवट हा असा' असें जो म्हणेल, त्यास आम्ही आदिपर्वांतील तें प्रकरण पुन्हां वाचावयास सांगूं.

२०८१ सालास अजून अवकाश आहे. परंतु त्या राज्याचा एक अंश शाळेच्या वर्गांत केव्हांच येऊन बसलेला असतो, व त्यास सरकारची मदतही लागत नाहीं. ज्याचा हात वारंवार वर जातो त्यास 'आगाऊ' म्हणून चिडविलें जातें; सुस्वर वाचणाऱ्या मुलीची नक्कल होते; चांगलीं चित्रें काढणाऱ्याच्या वहीवर चुकून म्हणून शाई सांडते. येथें घटनादुरुस्ती नको, कानांतलें यंत्र नको. मागच्या बांकांवरची खसखस तेवढी पुरते. आणि कांहीं दिवसांनीं असें होतें, कीं उत्तर येत असूनही तो मुलगा आधीं उजवीकडे पाहतो, मग डावीकडे पाहतो, आणि अर्धा उचललेला हात हळूच बांकावर ठेवतो.