अपडेटच्या करारात जुळणीचे कलम हवे

माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या भिवंडीच्या गोदामपट्ट्यातून ५० हजार रुपयांवरचा माल राज्याबाहेर न्यायचा, तर गाडी सुटण्याआधी मालवाहतुकीचे ई-वे बिल ऑनलाइन काढावे लागते. गोदामाचे नेटवर्क बंद पडले की भरलेली गाडीही अडकून पडू शकते. म्हणून लिनक्सवर चालणाऱ्या गोदामांच्या सर्व्हरबाबत माझा आग्रह आहे की, अपडेटच्या करारात नेटवर्क कार्डाच्या जुन्या आणि नव्या सेटिंग फाइलींची जुळणी हे वेगळे, पैसे मोजून करून घ्यायचे काम म्हणून लिहिलेले असावे. आज ते कोणाचेच काम नसते. अपडेटबरोबर नवी फाइल आली आणि जुन्या फाइलीत स्थानिक बदल झालेले असले, तर डेबियन ही लिनक्स प्रणाली विचारते: तुमची ठेवू की नवी घेऊ? घाईत कसलेतरी बटण दाबले जाते. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्समध्ये नवी फाइल अनेकदा शेजारी गुपचूप ठेवली जाते, ती कोणी उघडतही नाही.

हे काम संगणकच करील, असे यावर सांगितले जाते. मूळ फाइल, आपली फाइल आणि नवी फाइल या तिन्ही ताडून पाहणारी साधने आहेत आणि ती उपयोगीही आहेत. पण एकाच ओळीत दोन्हीकडून बदल झाला, तर निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. त्याहून घातक म्हणजे बिनतक्रार झालेली चुकीची जुळणी. उदाहरणार्थ, २०१३ पासून लिनक्समधल्या सिस्टमडी या व्यवस्थेने कार्डांना नव्या पद्धतीची नावे देणे सुरू केले. जुन्या फाइलीत ‘ईटीएच०’ राहिले आणि कार्डाचे नाव ‘ईएनपी३एस०’ झाले, तर फाइलीत व्याकरणाची एकही चूक नसते, तरी नेटवर्क उठत नाही. शिवाय दुरून अपडेट करणारा तंत्रज्ञ त्याच कार्डावाटे आत आलेला असतो. त्याची वाटच बंद होते. म्हणून अपडेटच्या वेळी गोदामात मॉनिटर-कीबोर्डसह कोणीतरी हजर हवे, आणि जुन्या फाइलीची प्रत सर्व्हरबाहेरही हवी.

‘मग अपडेटच नको’ हा दुसरा आक्षेप व्यवहारी वाटतो, पण तो महाग पडतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या संगणक-व्हायरसने जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. तो ज्या वाटांनी पसरला, त्यांतली विंडोजमधली एक वाट बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती. जुळणीवर तंत्रज्ञाचे दोन-तीन तास जादा जातील, हे खरे. ते मालकाने मोजावेत आणि कोणती ओळ का ठेवली, याची लेखी नोंद मागून घ्यावी. तंत्रज्ञ बदलला तरी पुढच्या अपडेटला ती नोंद हाताशी असेल.