काडतुसाला कायदा, रिॲक्टरला दैव!

पिस्तुलाच्या एका काडतुसात दारू किती असते? नेहमीच्या ९ मिलिमीटर काडतुसात ती अर्ध्या ग्रॅमच्याही आतच असते. चिमूटभर म्हणा ना! पण चाप ओढताच ही चिमूट नळीच्या मुळाशी जो दाब निर्माण करते, त्याची युरोपीय मानकाने ठरविलेली कमाल मर्यादा आहे २३५० बार. आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या दोन हजार तीनशे पटींहून अधिक! हा दाब पोलादी नळी क्षणार्धापुरता पेलते आणि गोळी बाहेर पडते. मर्यादा ओलांडली, तर पुंगळी फुटते, पिस्तूल फुटते आणि ते धरणारा हातही जायबंदी होतो.

अमेरिकेत हौशी नेमबाज आपली काडतुसे घरच्या घरी भरतात. रिकामी पुंगळी, नवी टोपी, तोलून घेतलेली दारू आणि वर गोळी, असा हा उद्योग. त्यातही काहींना अधिक जोरकस, अधिक दाबाचे काडतूस हवे असते. तिकडे त्याला ‘प्लस पी’ म्हणतात. अमेरिकी मानकानुसार साध्या ९ मिलिमीटर काडतुसाची कमाल मर्यादा दर चौरस इंचास ३५,००० पौंड, तर ‘प्लस पी’ची ३८,५००. म्हणजे नेहमीचे आणि जोरकस यांत अंतर केवळ दहा टक्क्यांचे! दारू दहा टक्क्यांनी वाढली म्हणून दाब दहा टक्क्यांनीच वाढेल, असे निसर्गाने कुणाला वचन दिलेले नाही. गोळी पुंगळीत थोडी अधिक खोल बसली, तरी आतली मोकळी जागा घटते आणि दाब उसळी घेतो. म्हणून जाणता माणूस मेजावर एका वेळी एकाच प्रकारची दारू ठेवतो, तराजू आधी तपासून घेतो, छापील कोष्टकाबाहेर जात नाही आणि थकलेला असेल तर त्या दिवशी काम करीत नाही. ही शिस्त त्याला कोणी इन्स्पेक्टर शिकवीत नाही. चूक झाली तर फुटणारे पिस्तूल आपल्याच हातात असेल, एवढे ठाऊक असणे त्याला पुरते.

आपल्या देशात हा छंद परवान्यावाचून करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ अन्वये विनापरवाना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची किमान शिक्षा सात वर्षे केली, कमाल जन्मठेप. अर्ध्या ग्रॅमहून कमी दारूसाठी सात वर्षे! कायद्याच्या या कठोरपणाविषयी कोणाही समंजस नागरिकाची तक्रार असण्याचे कारण नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. पश्चिम रेल्वेने बोईसरला उतरावे आणि तारापूर औद्योगिक वसाहतीत शिरावे. तेथे शेकडो, हजारो लिटरच्या पात्रांत तापणारी, उसळणारी, दाब निर्माण करणारी रसायने रात्रंदिवस भरली जातात. येथेही ‘भरणे’ हाच शब्द आहे. कामगारांच्या भाषेत ‘चार्ज करणे’. काडतूस भरणाऱ्याच्या हाती अर्धा ग्रॅम, येथे टनांचा हिशेब. तेथे तराजू आणि कोष्टक. येथे पुष्कळदा ठेकेदाराने चार दिवसांपूर्वी आणलेला, पिंपावरची अक्षरेही वाचता न येणारा हेल्पर!

तारापूर हे नाव देशाला ठाऊक झाले ते १९६९ साली, अणुविद्युत केंद्रामुळे. त्या केंद्रातल्या भट्टीलाही रिॲक्टर म्हणतात आणि रंगद्रव्ये किंवा औषधांची मध्यवर्ती रसायने जिच्यात शिजतात त्या टाकीलाही रिॲक्टर म्हणतात. पहिल्या रिॲक्टरविषयी मध्यमवर्गीय मनात केवढी भीती! त्याच्यावर देखरेख ठेवण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, प्रत्येक हालचालीची नोंद आहे, सराव आहेत. दुसऱ्या रिॲक्टरविषयी कोणी प्रश्नही विचारीत नाही. माणसे मात्र या दुसऱ्याच्याच परिसरात मरत आहेत.

८ मार्च २०१८ च्या रात्री नोव्हाफिन स्पेशालिटीज या कारखान्यात स्फोट झाला, तिघे गेले. ११ जानेवारी २०२० च्या सायंकाळी कोलवडे येथे तारा नायट्रेटमध्ये स्फोट झाला. आठ जण गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा एक स्फोट. २६ ऑक्टोबर २०२२ रोजी, दिवाळीच्या ऐन दिवसांत, भगेरिया इंडस्ट्रीजमध्ये दाबपात्र फुटून तिघांचा बळी गेला. २१ ऑगस्ट २०२५ रोजी एका औषध कारखान्यातील वायुगळतीने चार कामगार घेतले. ही यादी पूर्ण नाही. प्रत्येक वेळी तेच घडते. काचा फुटतात, घरे हादरतात, पुढारी येतात, मदतीचा आकडा जाहीर होतो, चौकशीची घोषणा होते. आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात मथळा असतो: ‘बॉयलरचा स्फोट’.

हा मथळा निष्काळजीपणाचा नमुना आहे. बॉयलर वेगळा, रिॲक्टर वेगळा. बॉयलरवर १९२३ पासून स्वतंत्र कायदा आहे. २०२५ मध्ये तो नव्याने केला गेला. बॉयलरची नोंदणी होते, ठरावीक मुदतीत तपासणी होते आणि तो चालविणाऱ्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. वाफ करणाऱ्या यंत्रापाशी प्रमाणपत्रधारी माणूस उभा असतो. त्याच छपराखाली, पन्नास पावलांवर, नायट्रेशनची बॅच सांभाळणाऱ्याला मात्र तशी परीक्षा नाही!

आणि त्या बॅचचा स्वभाव वाफेहून कितीतरी दुष्ट आहे. नायट्रेशनसारखी अभिक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते. ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. वेग वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की वेग. पात्राभोवतीच्या वेष्टनातून फिरणारे थंड पाणी किंवा ब्राइन ही उष्णता वाहून नेते, पण त्याची शक्ती अशी दुपटीने वाढत नाही. एका तापमानापलीकडे ही शर्यत माणसाच्या हातून निसटते. वीज गेली आणि चिलर थांबला. ढवळणारा पंखा बंद पडला आणि घाबरलेल्या माणसाने तो पुन्हा एकदम सुरू केला, म्हणजे न मिसळता साचलेले सारे आम्ल एकाच वेळी कामाला लागले. रात्रपाळी लवकर आटोपावी म्हणून थेंब थेंब सोडायचे द्रव्य भसाभस सोडले. स्फोटाला याहून अधिक काय लागते?

आणखी एक गोष्ट. पात्र दुप्पट उंच, दुप्पट रुंद केले की आतला माल आठपट होतो, पण थंडावा देणारा पृष्ठभाग चौपटच. प्रयोगशाळेतल्या चंबूत गुणी बाळासारखी वागणारी अभिक्रिया कारखान्यात उच्छाद मांडते ती यामुळे. मागणी वाढली म्हणून त्याच पात्रात ‘थोडा जास्त माल’ घालणारा मालक आणि अभ्यास न करता ‘प्लस पी’ काडतूस भरणारा हौशी, दोघे एकाच जातीचे जुगारी. फरक इतकाच, की हौशी स्वतःच्या हाताशी जुगार खेळतो. मालक दुसऱ्याच्या!

कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३१ मध्ये दाबाखाली चालणाऱ्या यंत्राचा सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये, अशी स्पष्ट तजवीज होती. भोपाळमध्ये १९८४ साली हजारो माणसे मेल्यावर, १९८७ मध्ये धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण त्यात घातले गेले. त्यातील कलमांच्या भंगासाठी सात वर्षांपर्यंत कैद होती. म्हणजे काडतुसाची किमान शिक्षा ती कारखान्याची कमाल! पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तीत कर्तव्यभंगामुळे कामगाराचा मृत्यू ओढवला तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लावले तरी निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला पाच वर्षांपलीकडे जाता येत नाही. याच नव्या संहितेनुसार धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक होते ते २५० कामगारांपासून. तीस-चाळीस माणसांवर चालणाऱ्या रसायनांच्या छोट्या घटकांचे काय? तेथील अभिक्रिया हजेरीपटावरची नावे मोजून मग तापते काय?

परवाना-राज्य संपावे, उद्योजकाच्या मागचा इन्स्पेक्टरचा ससेमिरा सुटावा, ही मागणी राष्ट्रीय विचारांच्या मंडळींनी दीर्घकाळ केली आहे आणि ती रास्त होती. पण लाच खाण्यासाठी अडविलेली फाईल आणि दाबपात्राची तपासणी यांत भेद न करणे हा शुद्ध आळस होय. त्याच्या उलट टोकाला प्रत्येक स्फोटानंतर वसाहतच बंद करा म्हणणारे महाभाग आहेत; पास्थळ, सालवड, कुंभवलीतल्या चुली कशावर पेटतात याची त्यांना फिकीर नाही. लघुउद्योजकाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. चीनच्या मालाशी स्पर्धा, मोठ्या कंपन्यांकडून महिनोन्‌महिने अडकणारी बिले, विजेचा खेळखंडोबा, हे सारे खरे आहे. मात्र स्वदेशी मालाची किंमत उत्तर प्रदेशातून, बिहारातून किंवा डहाणू-तलासरीच्या पाड्यांतून आलेल्या पोराच्या देहाने चुकवायची असेल, तर त्या स्वदेशीचा अभिमान कोणी बाळगावा? भारतीय मजदूर संघाने राष्ट्रहित आणि उद्योगहित यांच्या जोडीला कामगारहित ठेवले, ते शोभेसाठी नव्हे.

कोणी म्हणेल, दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यांत तरी अपघात कोठे टळतात? टळत नाहीत. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत आठ जण गेले. पण स्फोटकांच्या उद्योगाची मूळ शिस्त पाहावी. एका इमारतीत माल किती आणि माणसे किती, हे आधीच ठरलेले असते. इमारतींत अंतर राखलेले असते, मध्ये मातीचे बांध असतात. चूक होणारच हे गृहीत धरून तिचे बळी कमी राहावेत, अशी ती रचना आहे. बोईसरमध्ये कारखान्याला कारखाना खेटून उभा आहे. नोव्हाफिनच्या आगीने शेजाऱ्यांनाही ओढले होते.

काय करायला हवे, हे सांगण्यासाठी नव्या समितीची गरज नाही. उष्णता निर्माण करणाऱ्या प्रत्येक अभिक्रियेचा उष्मा-अभ्यास झाल्याखेरीज तिला परवानगी नको. रिॲक्टरवर उभ्या राहणाऱ्याला बॉयलरवाल्यासारखेच परीक्षेचे प्रमाणपत्र हवे, आणि बॅचची कृती त्याला समजेल अशा भाषेत, मराठीत किंवा हिंदीत, पात्राशेजारी लावलेली हवी. चार्जिंगचे काम ठेकेदाराच्या माणसाकडे असू नये. चिलर व ढवळणीला वेगळी राखीव वीज हवी. प्रत्येक स्फोटाचा चौकशी अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. भोपाळनंतर पोटमाळ्यावर अहवाल साठवण्यात या देशाने पुरेसे प्रावीण्य मिळविले आहे.

दसऱ्याला तारापुरातल्या रिॲक्टरांनाही झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतात. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा जयंतीही उत्साहाने होते. त्या दिवशी आरतीला निमंत्रित पाहुणे म्हणून जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी, नगरसेवकांनी आणि आमदारांनी प्रसाद घेण्यापूर्वी मालकाला दोनच प्रश्न विचारावेत. या पात्राची सेफ्टी व्हॉल्व आणि रप्चर डिस्क शेवटची कधी तपासली, ती तारीख दाखवा. आणि आज रात्रपाळीला येथे कोण उभा राहणार आहे, त्याला बोलवा.