विश्लेषण : फायबर कुजत नाही, मग फायबरची बोट आतून का कुजते?

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, डागडुजी होते आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा समुद्रात उतरतात. जुन्या फायबर बोटीची डागडुजी नुसत्या रंगावर थांबली, तर खरा धोका आतच राहतो. तो कसा, ते समजून घेऊ.

फायबरच्या बोटीत लाकूड कुठून आलं?

फायबरग्लास म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड आणि रेझिन. ते कुजत नाही. पण अनेक जुन्या बोटींत मजबुतीसाठी फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा लाकूड घातलेलं असतं. डेकमध्ये, तळातल्या लांब तुळयांमध्ये आणि मागच्या उभ्या भिंतीत, म्हणजे ट्रान्सममध्ये. बाहेर टांगलेल्या इंजिनाचं वजन आणि जोर हीच भिंत पेलते.

पाणी आत कसं जातं?

बोल्ट, स्क्रू आणि पाणी काढायच्या भोकांतून. तिथलं सील सुटलं की पाणी झिरपतं आणि फायबरच्या आत कोंडून राहतं. लाकडातला ओलावा दीर्घकाळ 20 टक्क्यांच्या वर राहिला, की बुरशीचा धोका सुरू होतो.

समुद्राचं पाणी जबाबदार की पावसाचं?

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. मिठामुळे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची वाढ मंदावते. पावसाचं गोडं पाणी मात्र तिला मानवतं. म्हणजे बोट समुद्रात असताना होणार नाही इतकं नुकसान किनाऱ्यावर उघडी पडून होऊ शकतं. कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या शाकारण्याची पद्धत आहे. 'फायबरला काय होतंय' म्हणून ती सोडणं महागात पडू शकतं.

कूज कशी ओळखायची?

* छोट्या हातोडीने ठोकून पाहा. चांगला भाग टणक वाजतो, कुजलेला बद्द.
* डेक पायाखाली दबतो का?
* इंजिनाच्या बोल्टभोवती तडे किंवा तपकिरी ओघळ आहेत का?
* शंका आली तर आतल्या बाजूने बारीक भोक पाडा. भुसा काळपट आणि ओला निघाला, तर लाकूड गेलं.

दुरुस्ती कशी होते?

भोकातून रेझिन सोडणं ही ट्रान्समसाठी तात्पुरती मलमपट्टी आहे. ओल्या, कुजलेल्या लाकडाला रेझिन नीट धरत नाही. आतला फायबरचा थर कापायचा, चांगलं लाकूड लागेपर्यंत कुजलेलं सगळं काढायचं आणि जागा पूर्ण सुकवायची. मग मरीन प्लाय इपॉक्सीने चिकटवून वर फायबरचे नवे थर द्यायचे. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरायची आणि त्यातच पुन्हा योग्य मापाची पाडायची. मग पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. फायबर घासताना मास्क हवाच.

मग अडचण काय?

वेळेची. बंदीचे दोन महिने म्हणजे ऐन पावसाळा. दमट हवेत लाकूड सुकत नाही आणि रेझिनची पकड बिघडू शकते. त्यामुळे तपासणी मे महिन्यात, बोट कोरडी असताना, आणि काम छपराखाली करणं शहाणपणाचं.

कुजलेला ट्रान्सम किनाऱ्यावर तुटत नाही. तो तुटतो भर लाटांत, इंजिन पूर्ण जोरात असताना. तेव्हा इंजिन तर जातंच, पण मागून पाणीही आत शिरतं आणि बोटीवर माणसं असतात.