वास झाकू नका, बाहेर घालवा

घटस्थापना जवळ आली की आपल्या जिल्ह्यात घरोघरी ‘दसरा काढणे’ सुरू होते. भांडीकुंडी घासली जातात, गोधड्या धुतल्या जातात, भिंतींना रंग लागतो. आई तुळजाभवानीच्या नवरात्रासाठी घर निर्मळ करण्याची ही रीत आरोग्यालाही हितकारकच आहे. परंतु याच दिवसांत दम्याचे किंवा जुनाट खोकल्याचे काही वृद्ध रुग्ण वाढलेली धाप, डोकेदुखी व डोळ्यांची आग घेऊन दवाखान्यात येतात. चौकशी करता नव्याने रंगवलेली खोली, डांबर गोळ्यांच्या पेटीतून काढलेले पांघरूण किंवा त्या वासावर उपाय म्हणून फवारलेले सुगंधी द्रव्य, यांपैकी काहीतरी आढळते.

तैलरंग, थिनर, पॉलिश आणि डांबर गोळ्या यांतील टोल्युइन, झायलिन, नॅफ्थलीन यांसारखे पदार्थ साध्या तापमानालाच हवेत मिसळतात. त्यांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८०च्या दशकात केलेल्या मोजणीत अशा अनेक संयुगांचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा घरातल्या हवेत २ ते ५ पट आढळले होते. ज्याचा बहुतांश दिवस अंथरुणावर जातो, त्याच्या वाट्याला ही हवा सर्वांत अधिक येते.

ही वाफ हवेतून वेगळी काढता येते का? कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या वायूंसाठी रसायनशास्त्रज्ञ ‘आयनिक द्रवां’चा अभ्यास करीत आहेत. हे वस्तुतः क्षारच. स्वयंपाकाचे मीठ वितळण्यास सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमान लागते. या क्षारांचे कण मात्र मोठे व बेढब असल्याने ते घट्ट रचले जात नाहीत आणि द्रवरूपच राहतात. १९१४ मध्ये पाउल वाल्डेन यांनी अवघ्या १२ अंशांना वितळणाऱ्या अशा एका क्षाराचे वर्णन केले होते. दूषित हवा यांतील योग्य द्रवातून नेली की टोल्युइनसारखी वाफ त्यात विरघळते. पुढे द्रव तापवून ती वेगळी काढता येते आणि तोच द्रव पुन्हा वापरता येतो. मात्र हे द्रव महाग व दाट असतात, काही विषारीही असतात. त्यामुळे हा घरगुती उपाय नव्हे.

तरीही त्यातील एक गुण आपण ध्यानी घ्यावा. हे द्रव स्वतः जवळजवळ वाफ होत नाहीत, म्हणूनच शास्त्रज्ञांनी त्यांची निवड केली. हवा शुद्ध करणाऱ्याने हवेत स्वतःची भर घालता कामा नये. सुगंधी फवारा नेमके उलट करतो: जुनी वाफ तशीच राहते आणि तीत नवी मिसळते. उदबत्तीच्या धुरातून तर सूक्ष्म कणही येतात. वास जाणवेनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असे नव्हे.

वाचकहो, घरी करण्याजोगे उपाय साधे आहेत. वृद्धांच्या खोलीचे रंगकाम सर्वांत आधी, घटस्थापनेच्या बरेच दिवस अगोदर उरकावे. शक्यतो पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा रंग निवडावा. वास पूर्ण ओसरेपर्यंत त्यांची झोपण्याची सोय दुसऱ्या खोलीत करावी. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून एका खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने लावावा. थिनरचे डबे घरात साठवू नयेत. पांघरुणांत डांबर गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा पूर्ण वाळलेला पाला ठेवावा. गोळ्यांत ठेवलेले पांघरूण धुऊन, कडक उन्हात वाळवूनच वापरावे. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर या गोळ्या ठेवूच नयेत. काही बाळांच्या रक्तातील लाल पेशी त्यांमुळे फुटू शकतात. नंदादीप अवश्य तेवावा, परंतु देवघराची खिडकी थोडी उघडी असावी आणि श्वासविकाराच्या रुग्णाने तेथे झोपू नये.

हवा शुद्ध करणारे यंत्र घेण्यापूर्वी एक पाहावे. ‘हेपा’ गाळणी धूळ व धूर अडवते, वाफ अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा पुरेसा थर लागतो आणि तो वेळोवेळी बदलावा लागतो. ओझोन सोडणारे यंत्र टाळावे. चार कुंड्या ठेवल्याने खोलीतील वाफ लक्षणीय घटत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक निरीक्षण करावे. खोलीत त्रास वाढतो आणि ओसरीवर बसल्यावर कमी होतो, असे दिसल्यास खोलीतील हवेचा संशय घ्यावा आणि डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. नेहमीची औषधे व इन्हेलर परस्पर बंद करू नयेत. धाप लागून वाक्य पूर्ण करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला असेल, तर त्याला मोकळ्या हवेत आणून विनाविलंब रुग्णालय गाठावे.